मॉनिटर १४४ चा, चालतो ६० वर

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी त्रिमूर्तीनगरला बहिणीकडे गेलो होतो. भाच्यानं उन्हाळ्यात सीताबर्डीवरून नवा मॉनिटर घेतला होता, तो मी तोवर पाहिला नव्हता. व्हिडिओ एडिटिंग शिकतो, थोडं गेमिंग करतो, म्हणून जरा जास्त पैसे मोजून त्यानं १४४ हर्ट्झचा मॉनिटर निवडला होता. मोठ्या हौसेनं तो मला एक लांबलचक वेबपेज खाली-वर सरकवून दाखवत होता आणि मला त्यात काही केल्या वेगळं दिसेना. सरकताना अक्षरं तशीच फरफटत होती, जशी माझ्या ऑफिसातल्या साध्या मॉनिटरवर फरफटतात.

डिस्प्लेची सेटिंग उघडली. तिथं लिहिलं होतं ६० हर्ट्झ.

"मामा, डब्ब्यावर तर १४४ लिहून आहे. मंग हे ६० काहून दाखवून राह्यलं?"

त्या आकड्यावर क्लिक केलं तर खाली यादी उघडली: ६०, १२०, १४४. आम्ही १४४ निवडलं. पडदा क्षणभर काळा होऊन परत आला आणि भाच्यानं माऊसचा बाण नुसता गोल फिरवला. बोलला काहीच नाही, फिरवतच राहिला. तीन महिने तो हा मॉनिटर अर्ध्याहून कमी वेगानं वापरत होता, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. त्या यादीपाशी जायचं असतं हेच त्याला कुणी सांगितलं नव्हतं. कॉम्प्युटरनं आपणहून ६० निवडलं आणि तो गप्प बसला.

म्हणून हा लेख. पडदा किती वेगानं चालवायचा, ही निवड डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये सहज सापडेल अशी असायला हवी, आणि तिथली यादी वाचता येणं हे आवाज कमी-जास्त करण्याइतकं साधं काम व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी आधी हा आकडा नेमकं काय सांगतो ते पाहू.

हर्ट्झ म्हणजे फलाटावर गाडी येण्याचा वेग

पडद्यावरचं चित्र आपल्याला सलग वाटतं, पण मॉनिटर ठरावीक अंतरानं नवं चित्र घेतो आणि वरपासून खालपर्यंत रंगवतो. सेकंदाला ६० वेळा घेतलं तर ६० हर्ट्झ, १४४ वेळा घेतलं तर १४४ हर्ट्झ. यालाच रिफ्रेश रेट म्हणतात.

सीताबर्डी इंटरचेंजच्या फलाटावर उभे आहात असं समजा. गाडी दर पंधरा मिनिटांनी येत असेल तर तुम्ही केव्हाही पोचलात तरी सरासरी साडेसात मिनिटं थांबावं लागेल. दर पाच मिनिटांनी येऊ लागली तर थांबणं अडीच मिनिटांवर येईल. तुम्ही क्लिक करता, कीबोर्डची कळ दाबता, माऊस हलवता, तेव्हा त्याचा परिणाम पडद्यावर दिसायला पुढच्या "गाडीची" वाट पाहावीच लागते. ६० हर्ट्झवर दोन गाड्यांमध्ये १६.७ मिलिसेकंदांचं अंतर असतं. ७५ वर १३.३, १२० वर ८.३, १४४ वर ६.९ आणि २४० वर ४.२.

हे आकडे शेजारी ठेवून पाहा. ६० वरून १२० वर गेल्यावर प्रत्येक फेरीत ८ मिलिसेकंदांहून जास्त वाचतात. १४४ वरून २४० वर गेल्यावर तीनसुद्धा वाचत नाहीत. पहिली उडी बहुतेकांना जाणवते, दुसरीसाठी सरावलेला डोळा लागतो. खरेदीला जाताना खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलण्यापेक्षा हा मिलिसेकंदांचा हिशोब मनात ठेवावा. तुमच्या पैशांच्या दृष्टीनं तोच जास्त उपयोगी आहे.

बाणाचं हलणं गुळगुळीत का वाटतं, याला आणखी एक कारण आहे. एखादी ओळ पडद्यावर सेकंदाला ९६० ठिपक्यांच्या वेगानं सरकते आहे असं धरा. ६० हर्ट्झवर ती दर फेरीला १६ ठिपके उडी मारते आणि मधला वेळ जागच्या जागी थांबून राहते. आपला डोळा मात्र सलग सरकत असतो. थांबलेली ओळ आणि सरकणारा डोळा यांच्यातला हा फरक मेंदूला धूसरपणा म्हणून दिसतो. १२० वर उडी ८ ठिपक्यांची होते, धूसरपणाही निम्म्यावर येतो. माझ्या भाच्याच्या मॉनिटरवर अक्षरं फरफटत होती ती याच कारणानं. पॅनलमध्ये दोष काहीच नव्हता.

इथं एक जुना समज दूर करायला हवा. जाड काचेचे मॉनिटर होते तेव्हा कॉम्प्युटर क्लासचे सर सांगायचे, "रेट ७५ किंवा ८५ कर, डोळे दुखणार नाहीत." ते तेव्हा अगदी बरोबर होतं. त्या मॉनिटरमध्ये इलेक्ट्रॉनचा झोत काचेच्या आतल्या लेपावर आदळून ठिपका उजळायचा आणि झोत पुढे गेला की ठिपका लगेच मंदावायचा. ६० हर्ट्झवर हे उजळणं-मंदावणं डोळ्याच्या कडेला लुकलुकताना जाणवायचं. आजचा सपाट एलसीडी पडदा तसा विझत नाही. पुढचं चित्र येईपर्यंत प्रत्येक ठिपका आहे तसाच धरून ठेवतो. त्यामुळे ६० वर ठेवला म्हणून तो लुकलुकत नाही. काही पडद्यांत ब्राइटनेस कमी केल्यावर मागचा दिवाच भरभर चालू-बंद होतो आणि त्याचा त्रास होतो, पण त्याचा या सेटिंगशी संबंध नाही. डोळे दुखतात म्हणून कुणी १४४ चा मॉनिटर घ्यायला निघालं असेल तर आधी ब्राइटनेस, अक्षरांचा आकार आणि खोलीतला उजेड बघा, असं मी सांगेन.

मग कॉम्प्युटर स्वतःहून ६० च का निवडतो?

केबल जोडली की चित्र जाण्याआधी मॉनिटर आणि कॉम्प्युटर यांच्यात एक छोटा संवाद होतो. मॉनिटर आपलं ओळखपत्र पुढे करतो: मी अमुक कंपनीचा, माझी लांबी-रुंदी इतकी, मला या या आकाराची चित्रं या या वेगानं दाखवता येतात. या ओळखपत्राला ईडीआयडी म्हणतात. व्हेसा या संस्थेनं ते १९९४ साली ठरवून दिलं. त्याचा मूळ भाग फक्त १२८ बाइटचा असतो. युनिकोडच्या नेहमीच्या पद्धतीनं लिहिलं तर एवढ्या जागेत देवनागरीची जेमतेम ४२ अक्षरचिन्हं मावतील. मॉनिटरला आपली सगळी कुवत तेवढ्यात कोंबावी लागते. नव्या मॉनिटरांना ती पुरत नाही, म्हणून ते पुरवणी जोडतात.

सेटिंगमधली यादी याच ओळखपत्रावरून तयार होते. त्यात पहिल्या क्रमांकावर जी मांडणी लिहिलेली असते ती मॉनिटरची पसंती मानली जाते आणि बऱ्याच ऑपरेटिंग सिस्टीम सुरुवातीला तीच उचलतात. आता मॉनिटर बनवणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. आपला मॉनिटर कुठल्या जुन्या लॅपटॉपला, कुठल्या केबलनं जोडला जाईल हे त्याला माहीत नसतं. पहिल्यांदा चालू केल्यावर गिऱ्हाइकाला काळा पडदा दिसू नये, म्हणून १४४ च्या कितीतरी मॉनिटरांत पसंतीच्या जागी ६० च लिहिलेलं असतं. ६० सगळ्यांना झेपतं. काळजीपोटी केलेली ही सोय आहे, पण तिच्यामुळेच माझ्या भाच्यासारखे लोक वर्षानुवर्षं ६० वर राहतात.

कधी कधी ओळखपत्र पोचतच नाही. जुन्या व्हीजीए जोडणीत १५ पिना असतात. त्यांतल्या १२ आणि १५ क्रमांकाच्या दोन पिना या संवादासाठी असतात. स्वस्त केबलमध्ये त्या कधी जोडलेल्याच नसतात, किंवा मधला कन्व्हर्टर त्यांचं बोलणं पुढे नेत नाही. मग कॉम्प्युटर अंधारात चाचपडल्यासारखा १०२४ बाय ७६८ असं काहीतरी धरतो आणि यादीत ६० शिवाय काही दिसत नाही. मॉनिटर खराब झाला असं वाटून लोक दुरुस्तीला नेतात. त्याआधी केबल बदलून पाहा.

केबलचा हिशोब

हा भाग थोडा आकड्यांचा आहे. पण तो कळला की निम्मी कोडी सुटतात, म्हणून इथं जरा थांबू.

फुल एचडी पडद्यावर १९२० बाय १०८० ठिपके दिसतात. केबलमधून मात्र २२०० बाय ११२५ इतके जातात. जास्तीचे ठिपके म्हणजे प्रत्येक ओळीनंतर आणि प्रत्येक चित्रानंतर सोडलेली मोकळी जागा. इलेक्ट्रॉनच्या झोताला परत डावीकडे किंवा परत वर जायला वेळ हवा असायचा, तेव्हापासून ती चालत आली आहे. २२०० गुणिले ११२५ गुणिले ६० म्हणजे सेकंदाला १४ कोटी ८५ लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला २४ बिट. झाले सेकंदाला साधारण ३.५६ गिगाबिट.

हाच हिशोब फोर-के, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांच्या टीव्हीला लावा. ४४०० गुणिले २२५० गुणिले ६०, वर २४ बिट: सव्वाचौदा गिगाबिट. एचडीएमआय या टीव्ही-मॉनिटरच्या नेहमीच्या जोडणीच्या १.४ या आवृत्तीची एकूण कुवत १०.२ गिगाबिट आहे आणि त्यातले प्रत्यक्ष चित्राच्या वाट्याला ८.१६ येतात. सव्वाचौदा त्यात बसत नाहीत. ३० हर्ट्झ केलं तर सव्वासात होतात, ते बसतात. २०१३ मध्ये आलेल्या एचडीएमआय २.० ची कुवत १८ गिगाबिट, चित्राच्या वाट्याला १४.४. तिथं फोर-के ६० हर्ट्झवर जेमतेम मावतं. २०१७ च्या २.१ मध्ये ४८ गिगाबिटपर्यंत जागा झाली.

म्हणजे सेटिंगमधली यादी एकट्या मॉनिटरची नसते. मॉनिटर, केबल आणि कॉम्प्युटरचं पोर्ट या तिघांत जो सर्वांत कमजोर, त्याच्यावर ती थांबते. यादीत १४४ दिसतच नसेल तर आधी मॉनिटरच्या मागे पाहा. पुष्कळ मॉनिटरांत डिस्प्लेपोर्ट नावाच्या दुसऱ्या जोडणीवर पूर्ण वेग मिळतो आणि एचडीएमआयवर कमी. मग मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत पाहा, कारण काहींमध्ये जास्त वेग आधी तिथं चालू करावा लागतो. आणि डेस्कटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्या कार्डातच खोचली आहे ना, मदरबोर्डच्या पोर्टात तर नाही, हेही तपासा. ही शेवटची गोष्ट मी ओळखीच्या घरांमध्ये इतक्या वेळा पाहिली आहे की आता सर्वांत आधी सीपीयूच्या मागेच जातो.

रिझोल्युशन, म्हणजे पडद्यावरच्या ठिपक्यांची संख्या, बदललं की वेगांची यादीही का बदलते, हे आता कळलं असेल. ठिपके कमी झाले की केबलच्या त्याच नळातून जास्त चित्रं जाऊ शकतात.

५९.९४ हे काय आहे?

यादी उघडल्यावर लोकांना सर्वांत जास्त गोंधळात टाकतो तो हा आकडा. ६०.०० आहे आणि त्याच्या खालीच ५९.९४. कोणता घ्यायचा?

या ५९.९४ चा जन्म अमेरिकन टीव्हीत झाला. तिथली वीज ६० हर्ट्झची, म्हणून टीव्हीही ६० च्या तालावर. १९५३ मध्ये रंगीत टीव्हीची पद्धत ठरली तेव्हा रंगाचा संकेत आणि आवाजाचा संकेत एकमेकांत मिसळून चित्रात खोट येऊ नये म्हणून वेग हजारात एक भाग कमी केला. ६० भागिले १.००१, म्हणजे ५९.९४. ती सवय डिजिटल काळातही राहिली. रोजच्या कामाला दोन्ही सारखेच आहेत. ५९.९४ नं बनवलेला व्हिडिओ ६० वर पाहिला तर साधारण दर १७ सेकंदांनी एक चित्र दोनदा दाखवलं जातं. डोळ्यांत तेल घालून बसलं तरच ते सापडेल. विंडोज ७ मध्ये तर ६० निवडून ओके केलं तरी पुन्हा ५९ च दिसायचं आणि लोक हैराण व्हायचे. तो बिघाड नव्हता, ५९.९४ लाच ५९ असं लिहिलं जात होतं.

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं तर ५९.७९ असाही आकडा भेटतो. १३६६ बाय ७६८ च्या पडद्यासाठी ठरलेल्या मांडणीत सेकंदाला ८ कोटी ५५ लाख ठिपके जातात आणि मोकळ्या जागेसकट एका चित्रात १७९२ बाय ७९८ ठिपके असतात. भागाकार करून पाहा, ५९.७९ च येईल. पडदा निरोगी आहे.

आणि ५०? तो आपल्या ओळखीचा आहे. आपली वीज ५० हर्ट्झची. १९८२ मध्ये एशियाडच्या वेळी दूरदर्शन रंगीत झालं ते पाल पद्धतीनं, सेकंदाला २५ चित्रं, ५० च्या तालावर. म्हणून टीव्ही जोडला की यादीत ५० दिसतो. २५ चित्रांत शूट केलेली जुनी रेकॉर्डिंग पाहायची असतील तर ५० वर ती सरळ बसतात, प्रत्येक चित्र बरोबर दोनदा. ६० मध्ये २५ चा पूर्ण भाग जात नाही, मग काही चित्रं दोनदा आणि काही तीनदा दाखवावी लागतात. कॅमेरा आडवा फिरताना हा हिसका जाणवतो.

सिनेमाचं असंच आहे. बोलपट आल्यापासून सिनेमा सेकंदाला २४ चित्रांवर स्थिरावला. ६० भागिले २४ म्हणजे अडीच. अडीच वेळा चित्र दाखवता येत नाही, म्हणून एक दोनदा, पुढचं तीनदा, पुन्हा दोनदा, असा लंगडा ताल धरावा लागतो. १२० वर मात्र २४ पाच वेळा जातो, ३० चार वेळा, ६० दोन वेळा. माझं स्वतःचं मत: ज्याच्या यादीत १२० आणि १४४ दोन्ही आहेत आणि जो गेमपेक्षा व्हिडिओ जास्त पाहतो किंवा कापतो, त्यानं १२० वर राहावं. १४४ मध्ये २४ जातो, पण ३० आणि ६० जात नाहीत. भाच्यालाही मी हेच सांगितलं. तो एडिटिंगला १२० ठेवतो, खेळताना १४४ करतो.

वेळापत्रकाची मेट्रो आणि सीट भरल्यावर सुटणारा ऑटो

गेममध्ये आणखी एक अडचण येते. ग्राफिक्स कार्ड कधी सेकंदाला ९० चित्रं तयार करतं, कधी ५५. मॉनिटरची गाडी मात्र वेळापत्रकानं सुटते. मॉनिटर अर्धा पडदा रंगवून झालेला असताना कार्डानं नवं चित्र पुढे केलं तर वरचा भाग जुना, खालचा नवा, आणि मधे पडदा फाटल्यासारखी आडवी रेघ दिसते. व्ही-सिंक चालू केलं की ही रेघ जाते, कारण नवं चित्र पुढच्या गाडीलाच चढू दिलं जातं. पण गाडी एका क्षणानं चुकली तरी पुढचीपर्यंत ताटकळावं लागतं.

यावरचा उपाय आपल्या शेअर ऑटोसारखा आहे. तो घड्याळ बघत नाही, सीटा भरल्या की सुटतो. मॉनिटरनंही चित्र तयार झालं की लगेच घ्यायचं, तोवर थांबायचं. ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियानं २०१३ मध्ये यासाठी जी-सिंक आणलं, व्हेसानं २०१४ मध्ये ॲडॅप्टिव्ह-सिंक प्रमाणित केलं आणि एएमडीचं फ्रीसिंक २०१५ मध्ये बाजारात आलं. सेटिंगमध्ये हे बहुधा व्हेरिएबल रिफ्रेश रेट किंवा ॲडॅप्टिव्ह सिंक या नावानं दिसतं. ऑटोवाला जसा तासभर थांबत नाही तशी मॉनिटरलाही खालची मर्यादा असते. अनेकांची ती ४० किंवा ४८ हर्ट्झ असते, त्याखाली तेच चित्र पुन्हा रंगवावं लागतं. लिनक्सच्या दोन प्रमुख डेस्कटॉपांपैकी केडीई प्लाझ्मामध्ये हा पर्याय २०२१ च्या ५.२२ या आवृत्तीत आला, ग्नोममध्ये २०२४ च्या ४६ या आवृत्तीत, तोही आधी प्रायोगिक म्हणून.

यादी कुठं असते आणि ती कशी असावी

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले आणि खाली ॲडव्हान्स्ड डिस्प्ले. मॅकमध्ये सिस्टीम सेटिंग्जमधलं डिस्प्लेज. उबुंटूसारख्या ग्नोमवाल्या लिनक्समध्ये सेटिंग्जमधलं डिस्प्लेज, केडीईमध्ये सिस्टीम सेटिंग्जमधला डिस्प्लेचा भाग. दोन मॉनिटर असतील तर आधी कोणता मॉनिटर निवडला आहे ते पाहा, प्रत्येकाचा वेग वेगळा असतो.

वेग बदलल्यावर विंडोज विचारतो, हे बदल ठेवायचे का? आणि १५ सेकंद मोजतो. सेटिंगच्या सगळ्या पडद्यांत मला ही सोय सर्वांत शहाणी वाटते. निवडलेला वेग झेपला नाही तर पडदा काळा होतो किंवा मॉनिटर आऊट ऑफ रेंज असं लिहितो. तेव्हा माणूस घाबरतो, बटणं दाबतो, कॉम्प्युटर बंद करायला धावतो. काही करू नका. हात बाजूला ठेवा. उत्तर आलं नाही म्हणजे माणसाला काही दिसत नाही, हे ओळखून तो जुन्या वेगावर परत येतो. ही परतीची वाट माहीत असली की प्रयोग करायची भीती उरत नाही.

ही निवड माणसाला द्यावीच कशाला, सर्वांत मोठा आकडा आपोआप घ्यावा, असं म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. सर्वांत मोठा आकडा नेहमी सर्वांत चांगलं चित्र देत नाही. नळ अपुरा पडला तर काही जोडण्या वेग टिकवण्यासाठी रंगाची माहिती कमी करतात. व्हिडिओत ते कळत नाही, पण निळ्यावरच्या लाल अक्षरांच्या कडा पुसट होतात, आणि दिवसभर मजकूर वाचणाऱ्याला तोच त्रास मोठा असतो. लॅपटॉपवर जास्त वेग म्हणजे बॅटरीचा जास्त खर्च. विंडोज ११ मध्ये काही लॅपटॉपवर डायनॅमिक असा पर्याय येतो, तो सरकवताना वेग वाढवतो आणि एरवी कमी ठेवतो. काही ग्राफिक्स कार्डं मोठ्या वेगाच्या मॉनिटरला जोडली की रिकामी बसलेली असतानाही मेमरी पूर्ण वेगानं चालवतात आणि तापतात. नागपूरच्या मे महिन्यात, कूलर सोसाट्यानं फिरत असताना, खोलीत आणखी एक तापणारी वस्तू कुणाला हवी असते? हे सगळं कॉम्प्युटरला ठाऊक नसतं. समोर बसलेल्याला ठाऊक असतं.

पण निवड देणं म्हणजे चाळीस ओळींची यादी तोंडावर फेकणं नव्हे. आधी रिझोल्युशन विचारावं, मग त्या रिझोल्युशनला जे वेग शक्य आहेत तेवढेच दाखवावेत. ५९.९४ आणि ६०.०० दोन्ही असतील तर दशांश दाखवावेत, नाहीतर ६० दोनदा दिसतो आणि माणूस बुचकळ्यात पडतो. दोन्ही नसतील तर दशांशाचा पसारा नको. एकच वेग शक्य असेल तर यादी नको, पण आकडा दिसू द्यावा, कारण तो आकडा दिसला तरच केबलची शंका येते. मॉनिटर काढून परत लावला तर आधीची निवड लक्षात राहावी. आणि मॉनिटरला १४४ येत असताना तो ६० वर चालत असेल तर एकदा, फक्त एकदा, सांगावं: तुमचा पडदा याहून वेगानं चालू शकतो. एवढं एक वाक्य असतं तर भाच्याचे तीन महिने वाचले असते.

हे सगळं मला आणखी नीट कळलं ते महालातल्या मावशीकडे. तिच्या हॉलमध्ये मोठा फोर-के टीव्ही आहे. पुण्याच्या नातवंडांशी बोलायला तिनं जुना लॅपटॉप त्याला एचडीएमआय केबलनं जोडून घेतला आहे. "बाण माझ्या हाताच्या मागे मागे येऊन राह्यला रे," अशी तिची तक्रार होती. सेटिंग उघडली तर ३० हर्ट्झ. लॅपटॉपचं पोर्ट १.४ चं, म्हणजे केबल कितीही भारी आणली तरी फोर-के ६० वर जाणार नव्हतं. मी रिझोल्युशन फुल एचडी केलं, तशी यादीत ६० आली. बाण हाताबरोबर चालू लागला. मावशीनं थोडा वेळ वापरून पाहिलं, मग नातवाच्या मुंजीचे फोटो उघडले आणि म्हणाली, आधी चेहरे जास्त स्वच्छ दिसत होते. तिचं बरोबर होतं. फोटो हलत नाहीत, त्यांना ठिपके हवेत, वेग नको.

तिनं मला दोन्हीच्या पायऱ्या सांगायला लावल्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेननं लिहून घेतल्या. वर "बोलायचं असलं तर ६०", खाली "फोटो पाहायचे असले तर ३०, बाण हळू चालते."